वेगळं ताट

चेन्नईच्या उपनगरी रेल्वेवर, क्रोमपेटच्या पुढे आणि तांबरमच्या अलीकडे एक स्टेशन लागतं. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर नाव आहे 'तांबरम सॅनिटोरियम'. डब्यातले लोक नुसतं 'सॅनिटोरियम' म्हणतात. मी उतरले त्या सकाळी माझ्याबरोबर पाठीला पिशव्या लावलेली कॉलेजची मुलं उतरली, केसांत ताजा गजरा माळून जवळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला निघालेल्या मुली उतरल्या, आणि नातवाचा हात धरलेले, जिना चढताना दर चौथ्या पायरीला थांबणारे एक आजोबा उतरले. आजोबांना जायचं होतं तिथेच मलाही जायचं होतं, छातीच्या रोगांच्या सरकारी रुग्णालयात.

एखाद्या उपचारपद्धतीचं नाव रेल्वे स्टेशनला पडतं, म्हणजे ती पद्धत लोकांच्या मनात किती खोल रुजली असेल! आणि याच रुळांवर बारा स्टेशनं मागे, चेटपेटला, सत्तरएक वर्षांपूर्वी असा एक प्रयोग झाला की त्यानंतर जगभरची सॅनिटोरियमं हळूहळू रिकामी झाली.

संपादकांनी यंदा विषय दिला तो एका शब्दाचा: 'पटणं'. ज्या शास्त्रीय विचारावर आधी वाद होतो, तो पुढे डॉक्टरांना, सरकारला आणि तुम्हा-आम्हाला पटतो कसा? विषय ऐकला आणि मला जर्मनची एक ताटली आठवली.

ती माझ्या आत्याची. १९६१ मध्ये आत्याला क्षय झाला. तिला मिरजेकडच्या एका सॅनिटोरियममध्ये ठेवलं. अकरा महिन्यांनी ती बरी होऊन आली. वजन वाढलं होतं, खोकला गेला होता, डॉक्टरांनी रोग गेल्याचं लिहून दिलं होतं. तरी तिची ताटली, वाटी आणि पेला फडताळाच्या खालच्या कप्प्यात वेगळे राहिले, ते ती गेली तोवर. माझ्या लहानपणी ती आमच्या पंगतीला बसायची, पण त्या ताटलीसकट. कुणी तिला तसं सांगितल्याचं मला आठवत नाही. तिचं तीच काढून घ्यायची.

आत्या सॅनिटोरियममध्ये गेली त्याच्या दोन वर्षं आधी मद्रासच्या त्या प्रयोगाचा अहवाल छापून आला होता. घरी राहून, घरच्यांत मिसळून औषध घेतलं तरी रोगी तितकाच बरा होतो आणि घरच्यांना त्यामुळे जास्त धोका होत नाही, असं त्यात आकड्यांनिशी मांडलं होतं. तो कागद आमच्या घरापर्यंत का पोचला नाही, हे शोधायला मी चेन्नईला गेले.

हवापालटाचा काळ

तांबरमच्या रुग्णालयाचं आवार प्रशस्त आहे. झाडं जुनी, सावली दाट, इमारतींमध्ये मोकळी जागा. आता इथे बाह्यरुग्णांच्या रांगा आहेत, रुग्णवाहिका आहेत, एचआयव्हीच्या रोग्यांवर उपचार करणारं मोठं केंद्र म्हणून या जागेची ओळख झाली आहे. पण झाडांखालून चालताना मूळ कल्पना अजून लक्षात येते. इथे हवा हेच औषध होतं.

१९२८ मध्ये हे सॅनिटोरियम काढलं डॉ. चौरी मुथू यांनी. त्याआधी त्यांनी इंग्लंडात मेंडिप हिल्स इथे सॅनिटोरियम चालवलं होतं. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी-लोणी, ठरलेल्या वेळी थोडं चालणं, आणि माणसांपासून लांब राहणं. क्षयावर दुसरा इलाजच नव्हता. कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला, तरी तो मारणारं औषध हाती यायला पुढची साठ वर्षं जावी लागली. १८८७ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात गेल्या, त्या क्षयानेच. अमेरिकेची पदवी घेऊन आलेल्या या पहिल्या मराठी स्त्री डॉक्टरला तिच्या स्वतःच्या शास्त्राकडे देण्यासारखं काही नव्हतं. मग ज्यांना परवडे ते हवापालटाला जात. आपल्याकडे पाचगणी आणि मिरज ही नावं त्या अर्थाने घराघरांत ठाऊक होती.

चौरी मुथूंच्या इंग्लंडातल्या रोग्यांत गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन होते. १९१७ मध्ये त्यांनी काही काळ मेंडिप हिल्समध्ये काढला. पुढे ते भारतात परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मद्रासच्या चेटपेट भागातल्या एका घरात गेले. त्यांच्यावर क्षयाचे उपचार झाले होते. १९९४ मध्ये एका अभ्यासकाने जुन्या नोंदी तपासून म्हटलं, की तो क्षय नसावा, यकृतातल्या अमीबाचा आजार असावा. ज्या काळात निदानाची ही स्थिती होती, त्या काळात हवा आणि विश्रांतीवरचा विश्वास तपासून पाहणार तरी कसा? काही रोगी बरे होत, काही जात. बरे झाले ते हवेने झाले असं मानलं जाई.

मी हे त्या डॉक्टरांना कमी लेखायला सांगत नाही. रोग्याला माणसासारखं झोपायला स्वच्छ खाट, दोन वेळचं सकस अन्न आणि रात्री विचारपूस करणारी परिचारिका मिळणं, ही त्या काळात मोठी गोष्ट होती. सॅनिटोरियम लोकांना पटलं होतं त्याच्यामागे ही माया होती. म्हणूनच ते सोडणं अवघड गेलं.

चार भीती

१९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आणि पीएएस आली, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. आता जंतू मारता येऊ लागला. पण औषध द्यायचं कुठे? युरोप-अमेरिकेत उत्तर ठरलेलं होतं: सॅनिटोरियमच्या खाटेवर. भारतात त्या वेळी क्षयाचे रोगी वीस-पंचवीस लाखांच्या घरात असल्याचा अंदाज होता आणि खाटा तीस हजारसुद्धा नव्हत्या. म्हणजे खाटेवरच उपचार करायचे, असं धरलं तर बहुतेकांना मरू द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ होता.

मग औषध घरी द्यावं का? या विचाराला जाणत्या डॉक्टरांचा विरोध होता आणि तो चार भीतींतून आला होता. पहिली, घरात खोकणारा रोगी त्याच खोलीतल्या पोरांना रोग देईल. दुसरी, रोगी ओझी उचलेल, रिक्षा ओढेल, मग फुप्फुस भरून कसं येणार? तिसरी, घरी पोटभर जेवणच नाही तिथे गोळी काय करणार? चौथी, बरं वाटायला लागलं की तो गोळ्या सोडेल, अर्धवट औषधाने जंतू निगरगट्ट होईल आणि मग तोच जंतू दुसऱ्यांना लागेल.

या भीती अडाणी नव्हत्या. आयुष्यभर क्षयरोग्यांच्या उशाशी उभ्या राहिलेल्या माणसांच्या त्या होत्या. त्यांत आणखी एक टोचणी होती: श्रीमंत देशांत खाट आणि गरीब देशात नुसती गोळी, हा गरिबांसाठी काढलेला दुय्यम उपचार तर नव्हे?

१९५६ मध्ये मद्रासला ट्यूबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटर उभं राहिलं ते या प्रश्नासाठी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल अशा चौघांनी मिळून पाच वर्षांसाठी काढलेलं हे केंद्र. पहिले संचालक डॉ. वॉलेस फॉक्स. जागा चेटपेटला, स्पर टँक रोडवर. आज तिथे राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था आहे.

दैवावर सोडलेली वाटणी

चेटपेटच्या फाटकासमोर मी बराच वेळ उभी होते. बसगाड्या, रिक्षा, शाळेच्या व्हॅन, आणि त्यांच्यातून वाट काढत आत जाणारी माणसं. काहींच्या तोंडाला मास्क, काहींच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. माझ्याबरोबर तंजावरी मराठी बोलणाऱ्या एक निवृत्त परिचारिका होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही म्हणू लागले. अक्कांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला क्षयरोग्यांच्या घरभेटींचं काम केलं होतं. त्यांच्याकडून मला एक गोष्ट कळली, ती अहवालात मिळाली नसती. रोगी पत्ता चुकीचा द्यायचे. परिचारिका दारात आली की शेजाऱ्यांना कळणार, आणि शेजाऱ्यांना कळलं की मुलीचं लग्न अडणार. घर सापडणं हाच कामाचा पहिला टप्पा असायचा.

१९५६ मध्ये फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सुरू केलं ते याच शहरात. थुंकीत जंतू असलेले १९३ गरीब रोगी घेतले. कोण घरी राहणार आणि कोण सॅनिटोरियममध्ये जाणार, हे डॉक्टरांनी ठरवलं नाही, रोग्यांनीही नाही. ते दैवयोगाने ठरलं. डॉक्टरला ठरवू दिलं असतं तर जास्त आजारी माणूस त्याने खाटेवर पाठवला असता आणि बरा होईलसा घरी ठेवला असता, मग निकालाला अर्थ राहिला नसता. ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी अशाच पद्धतीने घेतली होती, तिचा निकाल १९४८ मध्ये आला. तीच शिस्त आता मद्रासच्या एका खोलीच्या घरांवर लावली.

दोन्ही गटांना औषध तेच, वर्षभर आयसोनियाझिड आणि पीएएस. पीएएस हे त्रासदायक औषध. रोजची मात्रा मिलिग्रॅममध्ये नव्हे, ग्रॅममध्ये मोजायची, चव वाईट, पोट ढवळायचं. सॅनिटोरियममधल्या रोग्याला परिचारिका समोर उभी राहून ते द्यायची. घरच्या रोग्याने ठरल्या दिवशी केंद्रात येऊन औषध न्यायचं आणि घरी आपलं आपण घ्यायचं.

इथे प्रयोगाचं खरं सामर्थ्य दिसतं. केंद्राने विरोधकांची चौथी भीती खोडून काढायला लेख लिहिला नाही. ती खरी असू शकते असं धरूनच काम केलं. आरोग्यसेविका न कळवता घरी जायच्या, उरलेल्या गोळ्या मोजायच्या, लघवीचा नमुना घेऊन त्यात औषधाचा अंश आहे का ते तपासलं जायचं. पहिल्या भीतीसाठी घरातल्या प्रत्येकाची नोंद झाली. त्वचेवरची चाचणी, एक्स-रे, आणि हे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा. तिसऱ्या भीतीसाठी रोगी काय आणि किती खातो ते लिहून ठेवलं. दुसऱ्या भीतीसाठी तो दिवसभरात किती राबतो, किती पडून राहतो, हे टिपलं. विरोधकांची एकेक शंका घेऊन तिचं मोजमाप केलं गेलं.

अक्का म्हणाल्या त्याचा मतितार्थ असा, की दारात गेलेली बाई नुसत्या गोळ्या मोजत नाही. ती पाणी मागते, पोराला मांडीवर घेते. ज्या घरातलं पाणी कुणी पीत नाही तिथे ती पाणी पिते. रोग्याला गोळ्या पटतात त्या तिथे. अहवालात या गोष्टीसाठी रकाना नाही, पण त्या आकड्यांच्या मागे असे हजारो पेले असणार.

सहा टक्क्यांचं अंतर

निकाल १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला, नव्वदहून जास्त पानांचा. वर्षाअखेर सॅनिटोरियमच्या गटातल्या ९२ टक्के रोग्यांचा रोग शांत झाला होता. घरच्या गटातल्या ८६ टक्के रोग्यांचा.

हा आकडा मला फार बोलका वाटतो. दोन्ही सारखे नव्हते. सहाचं अंतर होतं, आणि ज्याला घरचा उपचार नको होता त्याला धरायला ते अंतर पुरेसं होतं. संख्याशास्त्राच्या हिशेबाने एवढ्या कमी रोग्यांत एवढा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो. पण हे कागदावर मांडणं वेगळं आणि पटणं वेगळं. केंद्राने घाई केली नाही. त्याच रोग्यांचा पाच वर्षं पाठपुरावा केला. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतल्या बऱ्या झालेल्यांचं प्रमाण जवळजवळ एकच आलं.

घरच्यांचं काय झालं? १९६६ मध्ये कामत आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. रोग्याला वर्षभर सॅनिटोरियममध्ये दूर ठेवलेल्या घरांत आणि रोगी घरीच राहिलेल्या घरांत पाच वर्षांचा ताळा घेतला, तर घरी राहिल्यामुळे घरच्यांत क्षय वाढल्याचं दिसलं नाही. घरच्यांना रोग लागत होताच, पण जो लागायचा तो बहुतेक निदान होण्याआधी, रोगी औषधाविना महिनोन् महिने खोकत असताना. औषध सुरू झालं की धोका झपाट्याने उतरत होता.

हे वाचताना मी थांबले. आत्या सॅनिटोरियमला गेली तेव्हा तिला आमच्यापासून दूर ठेवण्याची वेळ टळून गेली होती. परत आली तेव्हा तर धोका नव्हताच. क्षय हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. ती ताटली एकाही दिवशी गरजेची नव्हती.

आहाराचा निबंध १९६१ मध्ये आला. सॅनिटोरियममधले रोगी चांगलं जेवले, वजनही त्यांचं जास्त वाढलं. घरचे रोगी कमी जेवले, जास्त राबले. तरी थुंकीतले जंतू दोन्हीकडे जवळपास सारखेच गेले. नेमून दिलेलं औषध नीट घेतलं तर कमी आहारातही जंतू मरतो, एवढंच या निबंधाने दाखवलं. हे वाक्य लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे ते फार ताणलं गेलं.

पटलं, पण अर्धंच

मद्रासचा निकाल व्यवसायातल्या लोकांना पटायला तीन गोष्टी कारणीभूत झाल्या, असं मला वाटतं. एक, कच्ची माहिती पानोपानी उघडी ठेवली. ज्याला खोट काढायची त्याने काढावी. दुसरी, निकाल देऊन केंद्र उठून गेलं नाही. पाच वर्षांसाठी निघालेली संस्था कायमची झाली, एकेका शंकेवर नवा अभ्यास करत राहिली आणि देशोदेशीचे डॉक्टर तिथे येऊन काम पाहून गेले. वाचून जे पटत नाही ते दारोदार फिरणाऱ्या सेविकेच्या मागे चालून पटतं. तिसरी, दुसरा रस्ताच नव्हता. खाटा नव्हत्या.

१९५९ मध्ये बंगलोरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली. तिथे डॉ. डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी गावागावांतले रोगी शोधून विचारपूस केली. खेड्यातला माणूस अज्ञानी, तो दवाखान्याकडे फिरकत नाही, ही सर्वांची समजूत. दिसलं उलटं. निम्म्याहून अधिक रोगी आधीच दवाखान्यात जाऊन आले होते आणि खोकल्याची बाटली घेऊन परतले होते. लोकांना उपचार पटलेला होता, दवाखान्यालाच रोगी दिसत नव्हता.

१९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला, जिल्ह्याच्या सर्वसाधारण दवाखान्यांतून, घरी राहून घ्यायच्या उपचारावर उभा. १९६४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही त्याच बाजूने कौल दिला. गरिबांसाठीचा दुय्यम उपचार म्हणून ज्याकडे पाहिलं गेलं तोच श्रीमंत देशांनीही उचलला. त्यांची सॅनिटोरियमं बंद पडली किंवा दुसरी रुग्णालयं झाली.

पण सरकारला पटलं ते अर्धंच. 'खाटा लागत नाहीत' हे लगेच पटलं, कारण त्यात बचत होती. घरभेटी लागतात, गोळ्या मोजाव्या लागतात, औषधाचा साठा एक दिवसही संपता कामा नये, हे पटायला पैसा आणि माणसं लागत होती. १९९२ मध्ये कार्यक्रमाचा आढावा घेतला तेव्हा निम्म्याहून कमी रोगी उपचार पूर्ण करत असल्याचं आढळलं. चौथी भीती खरी ठरली होती, मद्रासच्या प्रयोगात नव्हे, प्रयोगातला कष्टाचा भाग गाळून राबवलेल्या योजनेत.

तोडगाही मद्रासनेच आधी दाखवून ठेवला होता. १९६४ मध्ये तिथून एक अभ्यास आला. आठवड्यातून दोनदा केंद्रात यायचं आणि समोर औषध घ्यायचं, तरी गुण येतो. देखरेखीखाली औषध देण्याचा हा विचार पुढे 'डॉट्स' या नावाने जगभर गेला आणि १९९७ पासून आपल्या सुधारित कार्यक्रमाचा कणा झाला. तेहतीस वर्षं आपल्याकडे तो अहवालात पडून होता.

आधी पटलेली लस

याच शहरात एक उलटी गोष्टही घडली. क्षयावरची बीसीजी लस करण्याची प्रयोगशाळा १९४८ मध्ये मद्रासच्या गिंडी भागातल्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये निघाली आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून देशभर टोचणीची मोहीम सुरू झाली. मद्रासमध्ये ए. व्ही. रामन यांनी तिच्याविरुद्ध सतत लिहिलं. १९५५ मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, म्हणजे राजाजींनी, आपला विरोध पुस्तिकेतून मांडला. पुरेसा पुरावा हाती नसताना कोट्यवधी मुलांना टोचणं योग्य नाही, हे त्यांच्या म्हणण्यातलं मुख्य सूत्र. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनी लसीची बाजू धरली. शास्त्राच्या बाजूच्या बहुतेकांना राजाजींचा विरोध हा जुन्या विचारांचा हट्ट वाटला.

ब्रिटनमधल्या चाचणीत लस चांगली ठरली होती, अमेरिकेतल्या काही चाचण्यांत फारच कमी. तिढा सोडवायला १९६८ मध्ये मद्रासशेजारच्या चिंगलपुट जिल्ह्यात आजवरच्या सर्वांत मोठ्या क्षयलस-चाचण्यांपैकी एक सुरू झाली. सुमारे दोन लाख साठ हजार माणसांना लस किंवा निरुपद्रवी द्रव टोचला. कोणाला काय, हे पुन्हा दैवावर. ज्या गावांत हे झालं ती आज बहुतेक तिरुवल्लूर जिल्ह्यात मोडतात. आम्ही अरक्कोणमच्या लोकलने तिकडे गेलो. भाताची खाचरं आहेत, विटभट्ट्या आहेत, शहर जवळ सरकत आलेलं आहे. एवढ्या मोठ्या चाचणीची एकही खूण डोळ्यांना दिसत नाही. दारात तांदूळ निवडत बसलेल्या एका आजीबाईंनी अक्कांना बाही वर करून दंड दाखवला, फिकट पांढरा वण. त्यात लस होती की पाणी, हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत नसणं हाच त्या चाचणीचा पाया होता.

१९७९ मध्ये साडेसात वर्षांच्या पाठपुराव्याचा निकाल आला. मोठ्या माणसांना होणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयापासून लशीने संरक्षण मिळालेलं दिसलं नाही. भारतीय संशोधकांनी आपल्याच देशाच्या गाजलेल्या मोहिमेच्या विरुद्ध जाणारा हा निकाल जगापुढे ठेवला. राजाजी १९७२ मध्येच गेले होते. त्यांचं सगळं म्हणणं खरं ठरलं असं नाही. लहान बाळांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून ही लस वाचवते, म्हणून ती आजही जन्मल्याबरोबर टोचतात आणि टोचायलाच हवी. पण 'आधी तपासा' हे त्यांचं मागणं रास्त होतं. ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याच्या बोलण्यातला रास्त अंश वेळेवर उचलता येणं, हे शास्त्रालाही नेहमी जमत नाही.

ताट पुन्हा समोर

शेवटच्या दिवशी अक्कांनी मला उपनगरातल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात नेलं. तमिळमध्ये क्षयाला 'कासनोय' म्हणतात, खोकल्याचा रोग. आपण त्याला झिजण्याचं नाव दिलं. त्या केंद्रात मला आपलं नाव जास्त खरं वाटलं. नव्याने निदान झालेला तिशीतला एक माणूस वजनकाट्यावर उभा होता. परिचारिकेने वजन-उंची लिहिली, वाकून घोट्यावर अंगठा दाबून सूज पाहिली, बोटाला यंत्र लावलं, घड्याळाकडे बघत श्वास मोजले आणि आधार न घेता उभं राहता येतं का ते पाहिलं. पाच मिनिटांचं काम. तमिळनाडूत एप्रिल २०२२ पासून क्षयाने होणारे मृत्यू रोखण्यासाठी ही पद्धत सुरू आहे. जो फार खंगलेला आहे त्याला घरी न पाठवता रुग्णालयात दाखल करतात. खाट परत आली आहे, पण सगळ्यांसाठी नाही, ज्याला लागते त्याच्यासाठी.

आणि अन्नही परत आलं आहे. १९६१ च्या निबंधाचा अर्थ पुढे 'क्षयात आहाराला महत्त्व नाही' असा घेतला गेला. निबंध तेवढं म्हणत नव्हता. तो जंतूंबद्दल बोलत होता. अंगात ताकद किती येते, कोण जगतं, घरातल्या उपाशी माणसांपैकी कोणाला रोग होतो, हे प्रश्न तिथे विचारलेलेच नव्हते. ते विचारले झारखंडमधल्या 'रेशन्स' या अभ्यासाने. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने, चेन्नईच्या याच संस्थेच्या सहभागाने तो झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २,८०० रोगी, त्यांच्या घरातली दहा हजारांवर माणसं. रोग्यांना सर्वत्र शिधा दिला. निम्म्या भागांत घरातल्या प्रत्येकालाही महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. जिथे घरच्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने होणारा क्षय ३९ टक्क्यांनी कमी आढळला. ज्या रोग्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्के कमी होता. सरकार २०१८ पासून क्षयरोग्यांना पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले.

चेटपेटच्या संस्थेने एकेकाळी जे दाखवलं, त्याच्या कडा साठ वर्षांनी तिच्याच सहभागाने नीट आखल्या गेल्या. एखादा विचार पटला की तो हळूहळू पसरट होतो, जेवढं सिद्ध झालं त्याच्या बाहेर सांडतो. म्हणून पटलेल्या गोष्टीकडेही अधूनमधून परत जावं लागतं, आणि मुळात काय मोजलं होतं ते वाचावं लागतं.

केंद्राबाहेर तो माणूस बायकोबरोबर बाकावर बसला होता. गोळ्यांची पाकिटं तिने पिशवीत ठेवली होती. तिने डबा उघडला. दहीभात होता, वर लोणच्याची फोड. तिने आधी त्याला दिला, मग त्याच डब्यातून, त्याच चमच्याने स्वतः घास घेतला. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी काही बोललो नाही.

परतीच्या गाडीत मला वाटत राहिलं, की तिला हे कुणी पटवलं असेल? बंद खोलीतल्या तज्ज्ञांनी नाही, नव्वद पानांच्या अहवालानेही थेट नाही. कुणीतरी सेविका तिच्या दारात गेली असेल, पाणी मागून प्यायली असेल. १९५६ पासून आजपर्यंत अशा कितीतरी दारांतून तो अहवाल एक-एक पेल्याने पुढे आला. आमच्या दारात मात्र तेव्हा कुणी आलं नाही.

आत्याची ताटली माझ्याकडे आहे. घरी आल्यावर मी ती फडताळाच्या खालच्या कप्प्यातून काढली, घासली आणि रोजच्या ताटांत ठेवून दिली. त्या रात्री मी तिच्यातच जेवले.